नाव टाकलेली शेपटी

आमच्या घरमालकांकडे विमान सोडून विमानाचं सगळं होतं.

अमरावतीला त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत मी पाच वर्षं भाड्यानं राहिले, आणि पाचही वर्षं हा माणूस नेमकं काय करून राहिला हे मला समजलं नाही. आता समजलंय असंही छातीठोक सांगणार नाही. मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होते. आमच्याकडे प्रश्नच चुकीचा निघाला, तर त्याचे गुण सगळ्यांना वाटून मोकळे होतात. या माणसाच्या बाबतीत तशी काही सोय नव्हती.

सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून मीही. अकोल्याच्या आयटीआयमध्ये त्यांनी नोकरीभर पत्र्याचं काम शिकवलं आणि निवृत्त होऊन अमरावतीला, बडनेऱ्याच्या वाटेवर घर बांधलं. खोल्या बघायला गेले त्या दिवशी ते गाडीच्या शेडमध्ये होते. शेडमध्ये गाडी नव्हती, कधीच नव्हती. दोन चष्मे, एक नाकावर, एक कपाळावर. मी आत पाय टाकला तर म्हणाले, "तिथंच थांबा. अंगठी काढा अगुदर."

मी म्हटलं, "मी खोल्या बघायला आलेय."

"थे ठीक आहे. अंगठी काढा. घड्याळ पन."

काय भानगड आहे ते न कळताच मी दोन्ही काढून पर्समध्ये टाकलं. मग म्हणाले, "हां, आता या. पत्र्याले ओरखडा जाते." मी इकडेतिकडे पाहिलं, पत्रा कुठेच दिसेना. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "आज नाही आहे. पन सवय असली पाह्यजे." तरीही मी ती खोली का घेतली, हा प्रश्न मला आई अजून विचारते.

काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, प्रश्न अवघड होता. काकूंच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या, आणि त्या काढायला त्या तयार नव्हत्या. सरांनी त्यावर तोड काढली होती. जुना पायजमा कापून दोन बाह्या शिवल्या होत्या, दोन्ही टोकांना नाडी. शेडमध्ये शिरताना काकू त्या बाह्या कोपरापर्यंत चढवायच्या, बांगड्या आत. त्या बाह्या दाराशी खिळ्याला टांगलेल्या असत. मी आधी समजले पिशव्या आहेत, आणि एकदा एकीत कांदे भरून आणले. सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

काकू अंजनगाव सुर्जीच्या. माहेरचा पानमळा होता, त्यातला थोडा वाटा त्यांच्या नावावर होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नवऱ्याच्या विमानावर त्यांचा विश्वास होता की नव्हता, ते मला समजत नसे. मी एकदा सरळ विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "विश्वास कायचा वं त्यात? माणूस घरात आहे, शेडमंदी आहे, हाक मारली तं येते. अजून काय पाह्यजे?" मी वर येऊन बराच वेळ त्यावर विचार केला, पण हाती काही लागलं नाही.

तर विमान. ही काही माझी कल्पना नाही. जगात खरोखर लोक घरी विमान बांधतात. दोन माणसं बसतील एवढं. त्याचे पत्रे आणि आतल्या फासळ्या आखून, भोकं पाडून पेट्यांतून येतात. ते तुम्ही एकमेकांना रिव्हेटनं, म्हणजे त्या बारीक गोल खिळ्यांनी, जोडायचे. एक शेपटी, मग पंख, मग बाकीचं. आणि हे जोडायला जी हत्यारं लागतात त्यांची वेगळी तयार पेटी मिळते. सरांची गाडी या हत्यारांच्या पेटीवर अडली होती.

त्यांचं म्हणणं असं की तयार पेटीत भरताड फार असते. आपण एकेक हत्यार पारखून घ्यावं. यादी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती, रजिस्टरमध्ये, एकशे चोवीस वस्तू. ड्रिलची पाती, कानशी, पत्रा वाकवायच्या रुंद तोंडाच्या पकडी, रिव्हेट मारायची हवेची बंदूक, आणि शेकड्यानं लागणारे ते छोटे चिमटे, जे दोन पत्रे तात्पुरते धरून ठेवतात. चिमट्यांचे रंग ठरलेले: बारीक भोकाला चांदीसारखे, मधल्याला तांब्यासारखे, मोठ्याला काळे. सर ते रंगाप्रमाणे वाट्यांत लावून ठेवत. एकदा मी काळे तांब्यासारख्यांत टाकले आणि मला "मॅडम" म्हणण्यात आलं. एरवी मी "पोरी" होते. मॅडम म्हटलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं.

माझं गाव बार्शीटाकळी. दर शनिवारी मी घरी जायची, आणि अकोला वाटेत पडायचंच. त्यामुळे ही हत्यारं आणायचं आणि परत करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. अकोल्यात सरांचा एक जुना विद्यार्थी होता, हार्डवेअरचं मोठं दुकान असलेला. सर म्हणायचे, अमरावतीत पाना मिळतो, पण पान्याची अक्कल अकोल्यात मिळते. सर स्वतः दुकानात आले की तो गल्ल्यावरून उठून उभा राहायचा आणि ते जाईपर्यंत उभाच असायचा. एकदा सरांनी तासभर ड्रिलची पाती उन्हात धरून पाहिली. पोटभर पाहून झाल्यावर दुकानात नवीन लागलेल्या माणसानं विचारलं, "कायले पाह्यजे हो काका?"

"विमानाले."

"कूलरच्या पंख्याले?"

"नाही. विमानाले. उडते ते."

त्या माणसानं पातं बोटांत फिरवून पाहिलं आणि तो म्हणाला, "मंग थोडं मजबूतच घ्या." सर खूश होऊन माझ्याकडे वळले आणि म्हणाले, पाह्य, याले समजलं. मला समजलं नाही ते नाहीच. ते पातं त्यांनी घेतलं, आणि पुढच्या शनिवारी माझ्याकडून परत पाठवलं.

असं मी एक गोल कानस तीनदा नेली आणि तीनदा आणली. एक हत्यार आलं की दुसरं कमी पडायचं. ते आलं की पहिल्यात खोट निघायची. यादीतल्या एकशे चोवीसपैकी एकशे वीसच्या आसपास गाडी आली की सर दोन-तीन वस्तू नव्यानं लिहीत. मला राग यायचा. मी एकदा म्हटलंही, "सर, अर्धं विमान तर सुरू करा." तर म्हणाले, "हत्यार पुरं झालं म्हंजे अर्धं विमान झालंच न, पोरी." या हिशोबानं त्यांचं अर्धं विमान कधी होणार होतं, ते देवाला ठाऊक.

शिकवायला मात्र ते एक नंबर. वर्तमानपत्र छापायचे वापरून झालेले पत्रे भंगारात मिळतात, अॅल्युमिनियमचे, अगदी पातळ. त्यांवर सराव चालायचा. जुन्या बातम्या दिसत त्यांवर, सभा, निकाल, कापसाचा भाव, आणि त्यांतून सर आम्हाला भोकं पाडायला लावत. पाडून झालं की विचारत, "बर काढली का?" बर म्हणजे भोकाच्या काठाला जी बारीक धार उभी राहते ती. ती बोटाला लागत नाही. म्हणून सर कापूस घेत. खिशात नेहमी सरकीचा कापूस असे, थेट झाडावरचा. तो भोकावरून हलकेच फिरवायचा. एक तंतू जरी अडकला, तरी बर आहे. घासा परत.

"त्यानं काय होते?" काकू विचारत, दरवेळी, मुद्दाम.

"विमान हवेत थरथरते," सर दरवेळी सांगत. "आन् थरथर झाली का पत्रा जिथं दुखावला आहे तिथंच फाटते. आज नाही फाटन. दहा वर्सानं फाटन. पत्रा विसरत नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ऐकू येईनासं झालं. शिवाय ते कापूस सगळ्यांवरच फिरवत. माझ्या कार्यालयाचं परिपत्रक वाचून म्हणायचे, याची बर नाही काढली कोनी. मला एक स्थळ आलं होतं, मुलगा बघून गेल्यावर आईनं सरांचं मत विचारलं. सर म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. पन कापूस अडकन." आईला काही बोध झाला नाही आणि लग्नही झालं नाही.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक जण पुढून बंदूक चालवतो, दुसरा पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. दोघांच्या मध्ये पत्रा, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि हवेच्या कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून मागचा माणूस ठोकळ्यानं पत्र्यावर टकटक करून सांगतो. एक टक म्हणजे झालं. दोन म्हणजे अजून मार. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. बंदूक सरांकडे असायची, ठोकळा काकूंकडे. काकू पायजम्याच्या बाह्या घालून स्टुलावर बसायच्या आणि टकटक करायच्या. कधी कधी स्वयंपाकघरातही करत. सर ताटावर बसले की काकू पळीनं कढईवर दोन टक देत, म्हणजे अजून घ्या. सर वाटीवर एक टक देत. हे दोघं सरळ का बोलत नाहीत, मला कळायचं नाही, पण पाहायला बरं वाटायचं.

तर एका दुपारी काकू जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. हातात कॅटलॉगचं फाडलेलं पान. त्यावर रडरचं चित्र, म्हणजे शेपटीच्या मागे जे उभं पान डावी-उजवीकडे हलतं ते.

"अकोल्याच्या दुकानवाल्याले फोन लाव," त्या म्हणाल्या. "हत्याराची ते तयार पेटी मागवून दे म्हना, अख्खी. आन् तिच्यासंगं हे."

"काकू, सरांना तयार पेटी नको आहे."

"पेटीचं म्या सांगतो यायले. आयकतीन. ह्याचं सांगू नको." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. मग खाटेवर बसल्या. "हात हालते वं यायचा. उजवा. कप ठेवला का बशी वाजते, तू आयकलं नाही? नागपूरले दाखवून आलो आमी. वाढतच जाईन म्हने. हात आहेत तवर एक तरी तुकडा होऊ दे बाप्पा यायच्या हातून. नाही तं मरतानी हत्याराची यादीच सांगतीन."

मी म्हटलं, "मग ते सुरू का करत नाहीत?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. मग कठडा धरून त्या जिना उतरल्या. बशी मात्र त्या दिवसापासून मला ऐकू यायला लागली.

पेटी यायला दसरा उजाडला. अकोल्याहून फोन आला तो शुक्रवार होता, खंडेनवमी पुढच्याच आठवड्यात. सरांना तयार पेटी काकूंनी कशी गळी उतरवली माहीत नाही, पण ते लहान मुलासारखे खूश होते. निघताना मला म्हणाले, "हत्यारायवर नाव टाकून आनजो. सगळ्यायवर. ज्याच्यावर नाव नसते ते वापस येत नाही." आयटीआयमधली सवय. तिथे पोरं पकडी घरी नेत, म्हणून सर एकूण एक हत्यारावर नाव घालून ठेवत.

ही गोष्ट आमच्याकडे कोणाला वेगळी सांगावी लागत नाही. काकूंच्या फळीवरचं भांडं न् भांडं नावाचं होतं. हा तांब्या मामांकडून, हे ताट अमक्यांच्या वास्तूचं, हा डबा मुंजीचा. भांडं हातात आलं की माणूस आधी ते उलटं करून नाव वाचतो. पंगतीत गेलेलं भांडं नावामुळेच घरी येतं. आणि भेट म्हटली की नाव पाहिजेच. बिननावाची भेट म्हणजे दिली काय आणि न दिली काय.

अकोल्यात भांड्यांच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते थरथरत्या पेनासारख्या मशीननं नाव टाकतात. मी तिथे बसून सगळ्या हत्यारांवर एकेक करून नाव टाकून घेतलं. दीड तास गेला. उरलं ते चपटं खोकं, काकूंच्या भेटीचं. मी ते उघडलं. दोन पत्रे, निळी पातळ पन्नी चिकटवलेली, आणि फासळ्या. मी काकूंना फोन लावला.

"काकू, यावर काय टाकू?"

त्या जरा लाजल्या, फोनवरही कळतं ते. म्हणाल्या, "सप्रेम भेट टाक. माझं नाव टाक खाली. आन् खंडेनवमी."

निळी पन्नी मी सोलली. माझ्या नखांनी. अंगठी मात्र आधी आठवणीनं काढून पर्समध्ये ठेवली होती, पत्र्याला ओरखडा नको म्हणून. हे मी आज लिहिते आहे तर माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. म्हाताऱ्यांनी पत्रा उलटसुलट करून विचारलं, "आहेर आहे का?" मी हो म्हटलं. "मंग खाली कमळ काढून देतो. त्याचं काही घेत नाही." दोन्ही पत्र्यांवर ठळक नाव आलं, खाली कमळ, आणि प्रत्येक फासळीवर बारीक अक्षरांत नुसतं काकूंचं नाव. ओरखडा वेगळा आणि नाव वेगळं, असंच आपल्या सगळ्यांना वाटतं.

खंडेनवमीला शेड झाडून काकूंनी टेबलावर पांढरी चादर घातली. हत्यारं ओळीनं मांडली, प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, नुसतं पुजतात. मध्ये टॉवेलखाली ती भेट. सरांनी आरती केली आणि काकूंनी टॉवेल काढला.

सरांनी नाकावरचा चष्मा कपाळावर घेतला आणि कपाळावरचा नाकावर. पत्रा पाहिला. वाकून सगळं वाचलं, अगदी खंडेनवमीपर्यंत. "कोनी आनलं?"

"म्या," काकू म्हणाल्या. "पानमळ्याच्या माझ्या हिश्शातून."

सर म्हणाले, "छान आहे." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी गोंधळले. या माणसाची जास्तीत जास्त तारीफ म्हणजे "चालते". छान हा शब्द त्यांच्या तोंडून मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. काकू मात्र खूश. त्यांनी पूजेसाठी केलेलं कापसाचं वस्त्र, ते कुंकवाचे ठिपके दिलेलं, पत्र्यावर वाहिलं. मग फूल ठेवायचं म्हणून ते थोडं बाजूला सरकवायला गेल्या, तर सरकेना. ओढलं. कापूस लांबत गेला. त्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून कमळाच्या पाकळ्यांपर्यंत सगळीकडे पांढरे तंतू अडकून उभे राहिले.

तेव्हा मला समजलं. मी काकूंना सांगितलं, तिथल्या तिथे, जे होतं ते. हा पत्रा आता उडवता येणार नाही, ही नावाची प्रत्येक रेघ म्हणजे ओरखडा आहे, आणि हे मी केलं. काकूंना ते खरंच वाटेना. "नाव आहे वं ते," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. "वैऱ्यानं थोडीच ओरखडलं?" मग त्यांनी एक तंतू ओढून पाहिला, तो तुटला आणि अर्धा अक्षरातच राहिला. तो दिवस कसा गेला सांगता येत नाही. सर जेवले, झोपले, उठले, चहा घेतला, बशी वाजली. कढईवर टक वाजला नाही, वाटीवरही नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी सकाळीच आपट्याची पानं घेऊन खाली गेले, माफी मागायची म्हणून वाक्यं पाठ करून. दोघं शेडमध्ये होते. दाराशीच माझे पाय थांबले.

सर म्हणत होते, "दुसऱ्या कोनाचं नाव असतं तं फेकून देलं असतं."

"मंग फेका न," काकू म्हणाल्या. "दुसरं मागवू."

"सा महिने लागतीन."

"तवर हात?"

काकूच पुढे म्हणाल्या, "म्या चार वर्सांपासून पाहून राहिली. एक हत्यार आनता, एक वापस करता. हत्यार कमी नवतं कधी. तुमाले भेव वाटे."

सर म्हणाले, "पयला पत्रा माझ्या हातानं खराब होईन, याचं वाटे. तीस वर्सं पोरायले रागावलो, असं करू नका, तसं करू नका. आन् आता माझाच हात असा."

"झाला न आता खराब. तुमच्या हातानं नाही झाला."

"झाला," सर म्हणाले.

"मंग आता कायचं भेव?"

मला वाटलं ते रागावतील. ते हसले. खरंच हसले, खांदे हलेपर्यंत. मग दाराकडे न पाहता मला म्हणाले, "कावून वं पोरी, तिथं उभी राहून काय आयकून राहिली? अंगठी काढ आन् कापूस आन. पयले बर काढू." पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली. आपट्याची पानं मी त्या दिवशी संध्याकाळी दिली.

आठ दिवस नुसती बर काढली. मग पहिला रिव्हेट. बंदूक सरांकडे, बाह्या घालून काकू मागे. सरांचा हात हलला, बंदूक घसरली, रिव्हेटच्या डोक्यावर चंद्रकोर उमटली. मागून तीन टक आले, ठणठणीत. सरांनी ड्रिल घेतलं आणि तो रिव्हेट काढून टाकला, जसं काही रोजचंच काम. दुसराही काढला. तिसऱ्याला एक टक आला. त्यानंतर त्या शेडमध्ये यादीचं रजिस्टर मी उघडलेलं पाहिलं नाही. यादीतल्या तीन वस्तू अजून यायच्या आहेत, त्यांचं कोणाला काही नाही.

उन्हाळ्याआधी रडर पुरं झालं. भिंतीशी उभं असे, कमळ खाली, नाव वर. येणारा-जाणारा वाकून वाचायचा आणि विचारायचा, हे कुठल्या टाकीचं झाकण? पुढे उन्हाळ्यात बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. अख्खी गल्ली पाहायला गच्चीवर. मी धावत खाली आले, "सर, विमान." ते चिमटे रंगाप्रमाणे वाट्यांत लावत होते. वर न पाहता म्हणाले, "आयकलं म्या. बस आहे ते, पोरी. तिकीट काढलं का कोनीही बसते." आकाशातलं विमान बघायचं नाही आणि न उडणारी शेपटी घडवत बसायचं, याची संगती मी तेव्हाही लावू शकले नाही.

मग मला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि आईजवळ राहायला मी घर सोडलं. जाताना काकूंनी तांब्या दिला, नाव टाकलेला.

या दसऱ्याला अमरावतीला गेले होते. फाटकातूनच कॉम्प्रेसरचा आवाज आला. अंगठी काढत शेडमध्ये गेले. भिंतीशी ते जुनं रडर, आणि टेबलावर चिमट्यांनी धरलेलं दुसरं, नवं, दोन्ही बाजूंनी कोरं. सरांनीच मागवलेलं. हे उडणार आहे का, कोण उडवणार, दिल्लीची परवानगी कोण देणार, मी काही विचारलं नाही. एक गोष्ट मात्र मला चटकन दिसली. बंदूक काकूंच्या हातात होती. कपाळावर एक चष्मा, नाकावर एक, आणि हातांत त्याच बाह्या. स्टुलावर मागे सर बसले होते, ठोकळा घेऊन.

"जड वस्तू धरली का यायचा हात कमी हालते," काकू मला म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

बंदूक घुर्रकन वाजून थांबली. मागून टकटक आली. मी मोजली. तीन. का चार, का पाच, ती थांबतच नव्हती. सरांच्या हातातला ठोकळा पत्र्यावर आपोआप वाजत होता. मागे जाऊन पाहावं की नाही, मला कळेना.

"काकू," मी म्हटलं, "तीन आले. काढायचा का?"

"एकच आहे वं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी बंदूक पुढच्या भोकाला लावली.